ॲट्रॉसिटी, व्हॅलिडिटी, इक्वॅलिटी : इंग्रजी शिकू आपल्याच शब्दांतून

शिरपूरच्या कुठल्याही वस्तीत जा. पाटी-पेन्सिल कधी हातात न धरलेल्या एखाद्या आजीला विचारा, 'ॲट्रॉसिटी' म्हणजे काय? ती बरोबर सांगेल. कास्ट सर्टिफिकेट कुठल्या ऑफिसात मिळते, व्हॅलिडिटी कशाला लागते, नातवाची स्कॉलरशिप का अडकली, हॉस्टेलची लिस्ट कधी लागणार, हेही तिला माहीत असते. हे सगळे शब्द इंग्रजी आहेत. ते तिला कोणी वर्गात शिकवले नाहीत. कागदासाठी घातलेल्या खेट्यांनी शिकवले. आणि त्याच आजीचा ग्रॅज्युएट नातू आम्हाला म्हणतो, "दादा, आपल्याला इंग्रजी येत नाही."

मित्रहो, हा लेख त्या नातवासाठी आहे.

आम्ही चार-पाच कार्यकर्ते शिरपुरात दर रविवारी संध्याकाळी विहारात बसतो आणि इंग्रजी बोलण्याचा सराव घेतो. आम्ही कोणी इंग्रजीचे प्राध्यापक नाही. फी नाही, बोर्ड नाही, 'नव्वद दिवसांत फाडफाड इंग्रजी' अशी जाहिरात नाही. येणाऱ्यांत बौद्ध आहेत, मातंग आहेत, भिल्ल आणि पावरा आहेत, मुस्लिम मोहल्ल्यातल्या दोन बहिणी आहेत. कोणी बी.एस्सी. आहे, कोणी आयटीआय, कोणी हायवेवरच्या हॉटेलात काम करून येतो. सगळ्यांची तक्रार एकच : "वाचता येते, लिहिता येते, पण तोंड उघडले की लोक हसतात."

आमच्यातल्या एका मुलाची हकिकत सांगतो. मोठ्या शहरात एका कंपनीची मुलाखत होती. त्याला विषय येत होता. 'डेव्हलपमेंट' हा शब्द त्याने आपण सगळे म्हणतो तसा, पहिल्या 'डे'वर जोर देऊन म्हटला. समोरच्या दोघांनी एकमेकांकडे पाहिले आणि हसले. पुढच्या प्रश्नांची उत्तरे त्याला येत असूनही त्याने दिली नाहीत. घरी येऊन म्हणाला, "माझा ॲक्सेंट गावठी आहे. तो काही जाणार नाही."

आम्हाला राग त्या दोघांच्या हसण्याचा आलाच. पण जास्त काळजी वाटली ती 'जाणार नाही' या शब्दांची. जन्माने मिळालेली गोष्ट कधी जात नाही, ही शिकवण आपल्याला कोणी दिली, हे वेगळे सांगायला नको. म्हणून आधी 'ॲक्सेंट' आणि 'स्ट्रेस' या दोन गोष्टी वेगळ्या करू.

ॲक्सेंट म्हणजे बोलण्याचा प्रदेश. केरळचा माणूस, पंजाबचा माणूस, स्कॉटलंडचा माणूस, प्रत्येकाची इंग्रजी वेगळी ऐकू येते. त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही आणि तो बदलायची गरजही नाही. स्ट्रेस म्हणजे आघात. शब्दाच्या कोणत्या तुकड्यावर जोर द्यायचा, त्याचा नियम. आघात जिथे पडतो तो तुकडा थोडा मोठ्याने, थोडा लांबवून आणि थोडा वरच्या सुरात म्हटला जातो. बाकीचे तुकडे मऊ पडतात. मराठीत आपण जवळपास सगळे तुकडे सारख्याच वजनाने बोलतो. कुठे जोर दिला म्हणून मराठी शब्दाचा अर्थ बदलत नाही. इंग्रजी ऐकणारा मात्र शब्द ओळखतो तो त्या जोरावरून. जोर दुसरीकडे पडला की त्याच्या कानाला शब्दच दुसरा वाटतो. हैदराबादच्या सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ इंग्लिशमध्ये आर. के. बन्सल यांनी भारतीय इंग्रजी परक्यांना कितपत कळते याचा अभ्यास केला. तो १९६९ साली प्रसिद्ध झाला. न कळण्याच्या प्रमुख कारणांत त्यांना शब्दावरचा चुकलेला आघात सापडला. म्हणजे अडचण रक्तात नाही, जिभेच्या सवयीत आहे. आणि सवय बदलता येते. 'डेव्हलपमेंट'मध्ये जोर 'व्हे'वर द्यायचा : डि-व्हे-लप-मन्ट. पाच मिनिटांचे काम. त्या मुलाने ते विहारात पाच मिनिटांतच केले.

आता प्रश्न असा की उच्चारावरून हसणे आपल्याकडे आले कुठून? इंग्रजांकडून? मुळीच नाही. इंग्रजी येण्याच्या कितीतरी आधीपासून उच्चार हे आपल्याकडे जात ओळखण्याचे साधन होते. 'आणि-पाणी' म्हणणारा शुद्ध, 'आनी-पानी' म्हणणारा अशुद्ध. शाळेत 'न' आणि 'ण'वरून आपल्या किती मुलांचे तोंड बंद झाले असेल, त्याचा हिशेब कोणी ठेवला? आमच्या खान्देशात तर पायऱ्याच आहेत. पावरा मूल घरी पावरी बोलते, बाजारात अहिराणी, शाळेत मराठी. 'कथा जाई ऱ्हायना' असे वर्गात निघाले की अहिराणीला मराठीवाला हसतो, मराठीला इंग्रजीवाला हसतो. शुद्ध-अशुद्धाची ही उतरंड नवी नाही. फक्त वरच्या पायरीवरची भाषा बदलली. आणि गंमत पाहा, ज्या बोलीत शिक्षण न घेतलेल्या बहिणाबाईंनी रचना केली, तिला हसणाऱ्यांना आता पदवीवर त्यांचेच नाव मिरवावे लागते, कारण जळगावच्या विद्यापीठाला २०१८ साली कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव दिले गेले.

आघाताचेही तसेच. आघाताचे शास्त्र या देशाला नवे नाही. उदात्त, अनुदात्त, स्वरित असे स्वर वेदपाठात काटेकोर सांभाळले जात. पतंजलीच्या महाभाष्यात एक गोष्ट येते. 'इंद्रशत्रु' या शब्दात स्वर शेवटी पडला तर अर्थ होतो इंद्राला मारणारा. तोच स्वर पहिल्या भागावर पडला तर अर्थ होतो ज्याला इंद्र मारील तो. यज्ञात स्वर चुकला आणि वृत्र इंद्राला मारण्याऐवजी इंद्राच्या हातून मेला. एका शब्दातल्या जोराने माणूस मरतो की वाचतो, हे ज्यांना ठाऊक होते त्यांनी ते ज्ञान कुणाला दिले? गौतम धर्मसूत्रात वेद ऐकणाऱ्या शूद्राच्या कानात वितळलेला धातू आणि लाख ओतण्याची शिक्षा लिहून ठेवली आहे. बाबासाहेबांना शाळेत संस्कृत शिकू दिले नाही, फारशी घ्यावी लागली. ही विसाव्या शतकातली गोष्ट आहे.

इंग्रजीचा आघात मात्र कुणाच्या घरात कोंडलेला नाही. तो शब्दकोशात छापलेला आहे. कोणताही चांगला इंग्रजी शब्दकोश उघडा, शब्दापुढे उच्चार दिलेला असतो आणि त्यात एक छोटी उभी रेघ वरच्या बाजूला असते. ती रेघ ज्या तुकड्याच्या आधी येते त्यावर जोर द्यायचा. बस्स. मोबाइलवरच्या शब्दकोशात तर बटण दाबले की उच्चार ऐकू येतो, तोही फुकट. तिथे कोणी आडनाव विचारत नाही. सावित्रीमाईंनी १८५४ साली 'काव्यफुले'त शूद्र-अतिशूद्रांना इंग्रजी शिकायला सांगितले, त्यामागे हेच कारण होते. जे ज्ञान कुळ विचारत नाही, ते आधी पदरात घ्या.

मग आमच्या सरावाचा पहिला धडा कोणता? आम्ही 'अंकल, आंटी, पिकनिक' घेत नाही. नागपूरच्या १९४२ च्या परिषदेत बाबासाहेबांनी इंग्रजीत जे तीन शब्द दिले ते घेतो : एज्युकेट, ॲजिटेट, ऑर्गनाइज. तिन्हींत जोर पहिल्या तुकड्यावर आहे. आता त्यांची नामे करा : एज्युकेशन, ॲजिटेशन, ऑर्गनायझेशन. जोर सरकला. तो 'शन'च्या लगेच आधीच्या तुकड्यावर आला : के, टे, झे. हा नियम एकदा हाती आला की शेकडो शब्द सुटतात. रिझर्वेशनमध्ये 'व्हे', कॉन्स्टिट्यूशनमध्ये 'ट्यू', डिस्क्रिमिनेशनमध्ये 'ने', रिप्रेझेंटेशनमध्ये 'टे'. पाठांतराची गरज नाही. शेवटी 'शन' दिसले की त्याच्या आधी जोर.

दुसरा धडा आजीच्या तोंडातला. 'इटी'ने संपणारे शब्द घ्या. जोर 'इटी'च्या लगेच आधी. ॲट्रॉसिटीत 'ट्रॉ', व्हॅलिडिटीत 'लि', कम्युनिटीत 'म्यू', मेजॉरिटीत 'जॉ', मायनॉरिटीत 'नॉ', युनिव्हर्सिटीत 'व्हर', डिग्निटीत 'डिग', इक्वॅलिटीत 'क्वॉ', फ्रॅटर्निटीत 'टर'. १९८९ च्या कायद्याने आपल्या वस्तीत एक शब्द आला आणि त्याच शब्दाच्या चालीवर समता आणि बंधुता हे दोन्ही शब्द नीट म्हणता येतात. पहिल्यांदा हे फळ्यावर लिहिले तेव्हा एक मुलगी म्हणाली, "म्हणजे केस नोंदवायचा शब्द आला की इक्वॅलिटी आपोआप येते?" सगळे हसले. हे हसणे वेगळे होते.

तिसरा धडा संविधानाची उद्देशिका. कार्यक्रमात आपण ती मराठीत मोठ्याने म्हणतो, पाठ असते. आम्ही ती इंग्रजीत म्हणतो, एकेक शब्द थांबून. लिबर्टीत पहिला तुकडा, सेक्युलरमध्ये पहिला, रिपब्लिकमध्ये दुसरा. आणि एक घराणे पाहण्यासारखे आहे : डेमोक्रॅट, डेमॉक्रसी, डेमोक्रॅटिक. पहिल्यात जोर पहिल्या तुकड्यावर, दुसऱ्यात दुसऱ्यावर, तिसऱ्यात तिसऱ्यावर. 'इक'ने संपणाऱ्या शब्दात जोर बहुधा 'इक'च्या आधी येतो, म्हणून 'क्रॅ'. अपवादही आहेत. पॉलिटिक्समध्ये जोर 'पॉ'वरच राहतो, पण पोलिटिकल म्हणताच तो 'लि'वर येतो. अपवाद आला की शब्दकोश उघडायचा, घाबरायचे नाही.

जोर नसलेल्या तुकड्यांचे काय करायचे? तिथे इंग्रजी स्वर मऊ होऊन जवळपास आपल्या 'अ'सारखा होतो. 'कमल' म्हणताना 'क' आणि 'म'मध्ये जो 'अ' आहे, तोच. तो विकत आणायचा नाही, आपल्या घरचाच आहे. शिवाय लिहिले तसे बोलायचे नसते, हे मराठी माणसाला नवे नाही. 'शिरपूर' लिहिताना 'र' पूर्ण लिहितो आणि बोलताना 'शिर्पूर' म्हणतो. हा नियम आपल्याला कोणी शिकवला? कानाने शिकलो. इंग्रजीही कानानेच शिकायची.

आता शब्दांकडे येऊ. आमच्याकडे येणारी मुले सुरुवातीला अवघड शब्द पाठ करून येतात. 'मायसेल्फ अमुक अमुक' अशी सुरुवात आणि पुढे गाइडमधला परिच्छेद. पण 'सकाळी काय केलेस?' विचारले की गप्प. पाणी भरले, गॅस संपला, बहिणीला स्टँडवर सोडले, करवंद नाक्यावर उतरलो, हे सांगायला शब्द नाहीत. खरे तर बोलायला फार शब्द लागतच नाहीत. मायकेल वेस्ट नावाचे शिक्षक ढाक्याच्या शिक्षक प्रशिक्षण महाविद्यालयात बंगाली मुलांना इंग्रजी कसे सोपे करावे याचा विचार करत होते. पुढे १९५३ साली त्यांनी सुमारे २००० नेहमीच्या शब्दांची यादी प्रसिद्ध केली. साध्या इंग्रजी लेखनातले जवळपास ८० टक्के शब्द या यादीतच सापडतात. गेट, पुट, टेक, गिव्ह, कीप, कम, गो, हे त्यातले राजे. गाइडवाले हे शब्द शिकवत नाहीत, कारण यांचे पैसे घेता येत नाहीत.

म्हणून आम्ही वहीचा नियम केला. प्रत्येकाने रोज आपल्या दिवसातल्या दहा गोष्टी साध्या इंग्रजीत लिहायच्या आणि रविवारी मोठ्याने सांगायच्या. यात एक गोष्ट लवकर कळली. मराठी वाक्य शब्दाला शब्द ठेवून इंग्रजीत जात नाही. 'नळ आला' याचे 'द टॅप केम' केले तर ऐकणारा दारात नळ शोधेल. तिथे पाणी आले असे सांगावे लागते. 'मला बस लागते' याचे शब्दशः केले तर त्याला वाटेल हिला बस हवी आहे. तिथे बसमध्ये मळमळते असे सांगायचे. शब्द शोधण्याआधी अर्थ शोधायचा, ही सवय लागली की अर्धी भीती जाते.

वाक्यातही जोर असतो. मराठीत आपण 'च' वापरतो. 'मीच शिरपूरला गेलो' आणि 'मी शिरपूरलाच गेलो' यात फरक आहे. इंग्रजीत हा 'च' आवाजात असतो. 'आय वेंट टु शिरपूर' यात 'आय'वर जोर दिला तर मीच गेलो, 'शिरपूर'वर दिला तर शिरपूरलाच. 'टु'सारखे छोटे शब्द पटकन, मऊ म्हणायचे. हे समजले की इंग्रजी वाक्य लोखंडी सळईसारखे ताठ येत नाही, बोलल्यासारखे येते.

काही मित्र विचारतात, इंग्रजी आली की जात जाईल का? नाही जाणार. याचे उत्तर आपल्या खान्देशातच पडले आहे. १९२९ साली बाबासाहेब अस्पृश्यांच्या तक्रारी तपासणाऱ्या सरकारी समितीचे सभासद म्हणून इकडे आले होते. परतताना चाळीसगावला उतरले. त्यांना वस्तीत न्यायला एकही टांगेवाला तयार झाला नाही. शेवटी टांगा भाड्याने घेऊन आपल्याच माणसाने हाकला. त्याला सवय नव्हती. टांगा उलटला, बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला. कोलंबियाची आणि लंडनची पदवी होती, बॅरिस्टरी होती, इंग्रजी अशी की भल्याभल्यांनी ऐकत राहावे. टांगेवाल्याने त्यातले काहीच विचारले नाही. त्याने जात विचारली.

पण गोष्ट इथे संपत नाही. हा प्रसंग बाबासाहेबांनी लिहिला, तो इंग्रजीत. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या नावाने तो १९९० साली छापला गेला आणि पुढे त्यांच्याच कोलंबिया विद्यापीठात अभ्यासाला लागला. चाळीसगावच्या टांगेवाल्याने जे केले ते आज न्यूयॉर्कचा विद्यार्थी वाचतो. इंग्रजीने जात गेली नाही, पण जात लपवून ठेवणाऱ्यांची सोय गेली. इंग्रजीकडून आपल्याला एवढेच हवे आहे आणि एवढे पुष्कळ आहे.

'इंग्रजीच्या नादात मराठी मरेल' असे म्हणणारे आहेत. त्यांची स्वतःची मुले कोणत्या शाळेत जातात, हे एकदा विचारून पाहा. महाराष्ट्र सरकारने २००० साली पहिलीपासून इंग्रजी आणली, त्याआधी आपली मुले पाचवीपर्यंत थांबत होती. ज्यांच्या घरात ती आधीपासून होती, त्यांना थांबावे लागले नाही. बाबासाहेबांनी 'मूकनायक' १९२० साली मराठीत काढला आणि संविधान सभेत इंग्रजीत बोलले. आपल्या माणसांशी आपल्या भाषेत, सत्तेशी सत्तेच्या भाषेत. त्यांचा बीबीसीवरचा १९५५ सालचा आवाज आज सहज ऐकायला मिळतो. जरूर ऐका. त्यात साहेबाची नक्कल नाही, आणि एकही शब्द अडत नाही. आपल्याला गाठायचे आहे ते हेच.

तेव्हा कार्यकर्त्यांना विनंती आहे. जयंतीच्या डीजेचे बजेट ठरते, तेव्हा त्यातून विहारासाठी एक चांगला शब्दकोश आणि एक फळा बाजूला काढा. आठवड्यातून दोन तास ठरवा. शिकवणारा मोठा असला पाहिजे असे नाही, ज्याला कालचा धडा येतो त्याने आज दुसऱ्याला द्यावा. मुलींना पहिल्या रांगेत बसवा आणि आधी बोलू द्या. चुकणाऱ्याला कोणी हसले तर सराव तिथेच थांबवा आणि का थांबवला ते सांगा. पावरी, अहिराणी, मराठी बोलणारे मूल तीन भाषा शिकून तुमच्यापुढे आलेले असते. त्याला चौथी जड जाणार नाही, त्याला फक्त हसणारा माणूस समोर नको.

आणि एक शब्द या आठवड्यात नक्की घ्या : ऑब्जेक्ट. पहिल्या तुकड्यावर जोर दिला तर अर्थ होतो वस्तू. दुसऱ्या तुकड्यावर दिला तर अर्थ होतो हरकत घेणे. पुढच्या मुलाखतीत, ऑफिसात, सभेत कोणी आपल्याकडे वस्तूसारखे पाहिले, तर दुसऱ्या तुकड्यावर जोर द्या.

जय भीम.